एक वाचन, दोन कामे

शाळेच्या ग्रंथालयात वर्षअखेरीस दोन कामे असतात: नोंदवहीप्रमाणे पुस्तके मोजणे आणि फाटलेली वेगळी काढणे. सोमवारी मोजणीसाठी सारी पुस्तके कपाटातून काढली व मंगळवारी फाटकी शोधण्यासाठी तीच पुन्हा काढली, तर ग्रंथपाल म्हणतील, "अहो, पुस्तक हातात होते तेव्हाच का नाही पाहिले?"

संगणकावरील मोठ्या माहितीसाठ्यांची, म्हणजे डेटाबेसची, स्थिती अशीच असते. त्यांची नियमित राखीव प्रत (बॅकअप) घ्यावी लागते. शिवाय प्रत्येक पान शाबूत आहे की नाही, हेही तपासावे लागते. त्यासाठी पान लिहितानाच त्यातील मजकुरावरून काढलेली एक पडताळा-संख्या त्यावर नोंदवतात. वाचताना ती पुन्हा काढून जुळवतात. ही तपासणी टाळली तर बिघडलेले पान राखीव प्रतीतही उतरते आणि जागेसाठी जुन्या, चांगल्या प्रती पुसल्या गेल्या की इलाज उरत नाही.

आता हिशेब पाहू. हार्ड डिस्कवरून सलग वाचन सेकंदाला १५० मेगाबाइट होते असे समजू. ३ टेराबाइटसाठी २०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाच तास लागतील. दोन कामांना अकरा तास! रात्र पुरणार नाही. दोन्ही एकदम सुरू केली तर? मग हाल अधिकच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. वाचणारे हेड दोन ठिकाणांमध्ये येरझारा घालू लागले की प्रत्येक उडीला सरासरी अर्धा फेरा वाट पाहण्यातच जातो. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच.

यावरचा उपाय एका साध्या निरीक्षणात आहे. या दोन्ही कामांना पानांचा क्रम महत्त्वाचा नसतो. एकही पान सुटू नये, एवढेच पुरते. म्हणून एकाने वाचलेले पान संगणकाच्या स्मृतीत असतानाच दुसऱ्याने आपले काम उरकावे. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अशी योजना मांडली: कोणते पान स्मृतीत आले, हे देखभालीच्या सर्व कामांना कळवायचे. पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेस प्रणालीचे बॅकअपचे साधन २०१८ पासून, पडताळा-संख्या नोंदवलेल्या असल्यास, प्रत घेतानाच त्या जुळवून पाहते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. तपासणी चकतीची असेल, तर पान नुकतेच चकतीवरूनच आलेले हवे. स्मृतीत आधीपासून पडून असलेले पान चांगले निघाले, तरी त्यावरून चकतीची ग्वाही मिळत नाही.

वर्गात हे गणित घालून पाहा: प्रत एक-तृतीयांश झाल्यावर तपासणी तिला येऊन मिळाली आणि सुटलेला भाग तिने शेवटी वाचला, तर दोनाऐवजी एकूण किती वाचने होतील?