सुटी पावडर, पुड्यातली पावडर आणि हंडाभर पाणी

कपडे धुण्याची पावडर टीव्हीवर झळकणाऱ्या नावाची असो की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आठवडे बाजारात पोत्यातून मापून दिलेली, तिचा पाया सारखाच असतो. मळ सोडवण्याचे मुख्य काम करतो तो ‘ॲसिड स्लरी’पासून तयार होणारा घटक. या धंद्यातल्या लोकांच्या तोंडी हेच नाव असते. लिनिअर अल्काइल बेंझिन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रवावर प्रक्रिया करून हे दाट, तपकिरी आम्ल बनवतात. ते सोड्याने शमवले की फेसाळणारा, तेलकट मळ पाण्यात ओढून आणणारा पदार्थ मिळतो. बेंझिनचा हा प्रकार शेजारच्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या कारखान्यातही तयार होतो. दुसरा घटक धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश. तिसरे निव्वळ भरताड: मीठ, सोडियम सल्फेट, डोलोमाइटची पांढरी भुकटी. दोन पावडरींच्या किमतीतला फरक पडतो तो या तिघांच्या प्रमाणात आणि त्यांच्यावर घातलेल्या चौथ्या, महागड्या चिमटीत. या चिमटीत डाग पचवणारी एन्झाइमे असतात, सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू नये म्हणून घातलेला पदार्थ असतो, पाण्याचा जडपणा आवरणारे झिओलाइट असते, पांढरेपणाचा भास देणारे रसायन असते आणि सुगंध असतो. सुट्या पावडरीत सोडा आणि भरताड जास्त, स्लरी कमी आणि चिमूट जवळपास नसतेच, फार तर सुगंध आणि निळे-हिरवे दाणे. हे दाणे शोभेचे असतात.

ब्रँडची आणि साधी पावडर यांच्यातली रेघ मात्र कायमची आखलेली नाही. हिंदुस्तान लिव्हरने 1959 मध्ये ‘सर्फ’ बाजारात आणली आणि ती शहरी, खात्यापित्या घरांची वस्तू ठरली. दहा वर्षांनी, 1969 मध्ये, करसनभाई पटेल या गुजरात सरकारच्या नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने अहमदाबादेत घरच्या अंगणात पिवळी पावडर मिसळून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. सर्फ किलोला सुमारे तेरा रुपये असताना ही तीन रुपयांना मिळे. तीत सोडा भरपूर होता आणि बाकी चोचले नव्हते. आजच्या हिशेबाने ती बिननावाची सुटी पावडरच. मुलीच्या नावावरून तिला ‘निरमा’ म्हटले गेले आणि पुढे तीच देशातला मोठा ब्रँड झाली. तिला तोंड देताना लिव्हरने दोन वाटा धरल्या. एक, 1980च्या दशकाच्या शेवटी आणलेली स्वस्त ‘व्हील’. दुसरी, जाहिरातकार अलेक पदमसी यांच्या डोक्यातून निघालेली आणि अभिनेत्री कविता चौधरी यांनी रंगवलेली सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी. ही बाई दुकानदाराशी घासाघीस करणारी होती आणि तिचे म्हणणे असे की, अर्धा किलो सर्फ ही साध्या एक किलो पावडरीच्या तोडीची आहे. जाहिरातीतला आकडा तपासून घ्यावा, पण मोजण्याची रीत बरोबर होती. भाव किलोचा नाही, धुतलेल्या बादलीचा पाहायचा असतो.

या हिशेबात शहापूर आणि मुरबाडमध्ये एक गोष्ट वाढते, ती पाणी. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी देते. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि मुरबाडच्या डोंगरकडेच्या वाड्यांची गत फारशी वेगळी नसते. पावसाळ्यात ओढे भरून वाहतात, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. पावडर हीच, कपडे हेच, पण जुलैतला आणि मेमधला हिशेब एक राहत नाही.

पहिला फरक पाण्याच्या जातीचा. ओढ्याचे, धरणाचे, पावसाचे पाणी हलके असते. त्यात क्षार कमी, फेस पटकन येतो आणि थोडी पावडर पुरते. बोअरवेलचे आणि उन्हाळ्यात आटत आलेल्या विहिरीचे पाणी बरेचदा जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीची ताकद खाते. साधा तेलाचा साबण अशा पाण्यात चिकट साय धरतो. डिटर्जंटचे तसे होत नाही, पण तोही नेहमीपेक्षा जास्त लागतो. सोडा या पाण्यातले कॅल्शियम खाली बसवतो खरा, मात्र तो चुन्यासारखा साका कापडाच्या धाग्यांतही अडकतो. काही महिन्यांत पांढरा सदरा राखट होतो, टॉवेल खरखरीत होतो. झिओलाइट किंवा फॉस्फेट असलेली पावडर हेच काम साका न पाडता करते. म्हणजे ओढ्यावर सुट्या आणि ब्रँडच्या पावडरीत जो फरक जेमतेम जाणवतो, तो बोअरच्या पाण्यात उघड दिसतो.

दुसरा फरक खळबळण्याचा. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, ही समजूत विक्रेत्यांनीही जोपासली आहे, कारण फेस दाखवता येतो. खरे तर फेस काही मळ काढत नाही. उलट तो जाईपर्यंत कपडे पुन्हापुन्हा पाण्यातून काढावे लागतात. दोन पाण्यांत निघणारी पावडर आणि तीन-चार पाणी मागणारी पावडर यांत टंचाईच्या दिवसांत निवड सोपी असते. सोडा जास्त असला की कापड हाताला बुळबुळीत लागत राहते, तेही पाणी मागते. कमी फेसाची, दोन बादल्या वाचवणारी पावडर म्हणून ‘सर्फ एक्सेल क्विक वॉश’ची जाहिरात झाली होती. ती बेतली होती शहरातल्या पाणीकपातीवर. तिचा खरा उपयोग नळ नसलेल्या पाड्यावर होता, आणि तिथे ती परवडणारी नव्हती.

आकडे मांडून पाहू. समजा, सुटी पावडर 60 रुपये किलो आहे आणि ब्रँडची 140. किलोमागे 80 रुपयांचा फरक डोळ्यांत भरतो. पण एका बादलीला सुटी 60 ग्रॅम लागत असेल आणि ब्रँडची 30, तर खर्च अनुक्रमे 3 रुपये 60 पैसे आणि 4 रुपये 20 पैसे येतो. फरक उरतो 60 पैशांचा. श्रावणात ओढ्याच्या धोंड्यावर धुणे असेल तर हे 60 पैसे वाचवावेतच. मे महिन्यात त्याच 60 पैशांपायी एक हंडा जास्त वाहायचा असेल, तर सुटी पावडर महाग पडली. हा हंडा बहुधा बाईच्या डोक्यावर असतो, म्हणून घरच्या जमाखर्चात तो धरला जात नाही.

आता मळाकडे. भातलावणीचा चिखल काढायला महागड्या एन्झाइमांची काही गरज नाही. चिखल म्हणजे मातीचे बारीक कण. तो आधी साध्या पाण्यात खळबळून काढावा किंवा वाळू देऊन झटकावा, मग सोड्याची स्वस्त पावडर आणि धोंडा पुरतो. रक्त, दूध, अंडे, गवताचा हिरवा डाग, घामाने पिवळी पडलेली कॉलर इथे एन्झाइमची पावडर पैसे वसूल करते. अट एवढीच की कपडे कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजले पाहिजेत. उकळते पाणी ओतले की एन्झाइमे निकामी होतात, आणि पुड्याला दिलेले जास्तीचे पैसे वाया जातात. हळदीची गंमत वेगळीच. पावडर लागताच पिवळा डाग लाल होतो आणि घरात ओरड होते. हळदीचा रंग क्षारात लाल दिसतो, इतकेच त्याचे कारण. धुऊन उन्हात टाकला की तो हळूहळू विटतो, पावडर कोणतीही असो. आंब्याचा किंवा केळीचा चीक मात्र दोन्ही पावडरींना दाद देत नाही.

पांढरेपणाच्या जाहिरातींबद्दल थोडे सांगायला हवे. पुड्यातले चमक देणारे रसायन मळ काढत नाही. ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकते, त्यामुळे कापड पांढरे दिसते. पूर्वी हेच काम नीळ आणि नंतर टिनोपाल वेगळे करत. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यासाठी ते चांगले, पण गोधडी, चादर, कामाचे कपडे यांच्यासाठी त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. ब्रँडवाले एकमेकांच्या पांढरेपणावरून कोर्टातही गेले. 2010 मध्ये ‘रिन’च्या जाहिरातीने ‘टाइड नॅचरल्स’चे नाव घेऊन तिला हिणवले, तेव्हा कोलकाता उच्च न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. लोकर आणि रेशीम यांचा विचार निराळा करावा. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतून आणलेले घोंगडे सोड्याच्या पावडरीत घातले तर लोकर खरबरीत होते आणि आटते, एन्झाइमच्या पावडरीतही तिचे नुकसानच. रिठ्याचे पाणी तिथे आजही दोघींपेक्षा सरस आहे.

पुडा घेताना वाचायच्या गोष्टी थोड्या आहेत. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. आता दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापावा लागतो. हा बारीक आकडा फार कामाचा, कारण पाच-दहा रुपयांच्या पुडीची किंमत तीच ठेवून आतले वजन कमी करण्याची चाल जुनी आहे. मोठा पुडा स्वस्तच पडतो असेही नाही, ते याच आकड्यावरून कळते. पावडरींसाठी आयएस 4955 हे भारतीय मानक आहे आणि त्यात प्रतवारीही आहे. आयएसआयची खूण मात्र ऐच्छिक, त्यामुळे ती नसली म्हणून पावडर वाईट ठरत नाही. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे एखाद-दुसरे अक्षर बदलून नामांकित पुड्यासारखे दिसणारे पुडे. त्यांत भाव जवळपास ब्रँडचा आणि माल सुट्याचा. त्यापेक्षा उघडपणे सुटी म्हणून विकलेली पावडर परवडली.

सुट्या पावडरीवर काहीच छापलेले नसते, म्हणून ती घरी पारखावी. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर पावडर ढवळून ठेवावी. तळाशी जाड, रवाळ थर बसला तर डोलोमाइटसारखे न विरघळणारे भरताड जास्त आहे. ब्रँडची पावडरही पाणी गढूळ करते, पण तो झिओलाइटचा मऊ, बारीक गाळ असतो. ओल्या तळहातावर चिमूटभर घेतली आणि चटका बसल्यासारखी ऊब जाणवली, तर सोडा भरपूर आहे. रोज हाताने धुणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा पडतात, सालपटे निघतात ती याच सोड्याने. अशा हातांसाठी कमी सोड्याची पावडर किंवा वडी बरी.

बचत गटांनी बनवलेली पावडर या दोन्हींच्या मध्ये बसते. धंद्याला भांडवल थोडे लागते, यंत्र नसले तरी चालते. सोड्यावर स्लरी सोडून घोळायची, वाफ आणि वायू निघून गेला की मिश्रण वाळवून चाळायचे. जोखीम आहे ती स्लरी हाताळण्यात, कारण ती कातडी भाजते. हातमोजे आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही. दुसरी अडचण एकसारखेपणाची. स्लरी पुरती शमली नाही तर उरलेले आम्ल सुती कापड कुजवते, सोडा जास्त झाला तर हात सोलतात, आणि एका घाण्याची पावडर दुसऱ्यासारखी निघेल याची खात्री मापाशिवाय देता येत नाही. वजनकाटा आणि आम्लता तपासण्याच्या कागदी पट्ट्या वापरणाऱ्या गटाची पावडर ब्रँडच्या स्वस्त पुड्यांशी सहज टक्कर देते.

धुण्याचे पाणी कुठे जाते, हाही खरेदीचाच भाग. भातसा नदी काळूला मिळते, काळू उल्हासला. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीतूनच पिसे येथे पोहोचते आणि तिथून मुंबईसाठी उचलले जाते. आजच्या स्लरीचा डिटर्जंट जिवाणू पचवू शकतात. जुन्या प्रकारचा तसा नव्हता, नद्यांवर फेसाचे थर त्याच्यामुळेच तरंगत. फॉस्फेट मात्र शेवाळाला आणि पाणवनस्पतींना खत पुरवते, म्हणून साचलेल्या पाण्यात ते नको. याबाबत ब्रँड आणि सुटी असा सरळ भेद करता येत नाही: फॉस्फेटमुक्त म्हणून छापलेला पुडा बरा, आणि फॉस्फेट महाग असल्यामुळे स्वस्त सुट्या पावडरीत ते सहसा नसतेच. विहिरीच्या काठावर धुणे टाळून पाणी उताराच्या बाजूला शेताच्या बांधाकडे सोडता आले, तर पावडर कोणती हा प्रश्न तिथे गौण ठरतो. मिठाचे भरताड असलेल्या पावडरीचे पाणी भाजीच्या वाफ्यात मात्र सोडू नये. मीठ आणि सोडा दोन्ही तिथे साठून माती घट्ट होते.