परतीची वाट

श्रोतेहो, विजेचा प्रवाह गेला तितका परत येतो, हें आम्हीं मुलांना वर्षानुवर्षें शिकविलें. तो कोणत्या वाटेनें येतो, हें मात्र कधीं विचारलें नाहीं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तयार केलेल्या वजनकांट्याचे आंकडे स्थिर राहीनात, तेव्हां त्यानेंच मला हा धडा दिला.

सर्किट बोर्डावरील तांब्याच्या बारीक पट्टींतून संदेश सेकंदाच्या एका अब्जांशांत सुमारें 15 सेंटिमीटर धांवतो. त्याचा परतीचा प्रवाह खालच्या तांब्याच्या थरांतून येतो. मंद प्रवाह ऐसपैस पसरून कमी रोधाची वाट धरतो. झपाट्यानें बदलणारा मात्र पट्टीच्या अगदीं खालून सांवलीसारखा चालतो, कारण तेथें जाण्यायेण्याचें वेटोळें सर्वांत लहान असतें. त्या थराला चीर पाडली, कीं वरची पट्टी सरळ पलीकडे जाते आणि परतीच्या प्रवाहाला वळसा पडतो. वेटोळें मोठें होतें, संदेशाची धार बोथटते, शेजारच्या पट्ट्यांत गलबला शिरतो, आणि बोर्ड नकळत एक लहानसें नभोवाणी केंद्र होऊन बसतें!

गंमत ही, कीं विद्यार्थ्यानें ती चीर गोंगाट दूर राहावा म्हणूनच पाडली होती. पट्टी चिरेवरून नेऊं नये, हें उत्तम. दोन्ही भाग निराळ्या दाबाचे असल्यास पट्टीलगत चिरेवर कपॅसिटर जोडतात. येथें दाब एकच होता. त्यानें पट्टीखालीं तांब्याचा पूल ठेवला, आणि आंकडे थांबले.