शहर पाठीमागं हवं
(आकाशओळख : लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण तिथी पाहिल्या. वद्य अष्टमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री ताऱ्यांच्या, हे आता पक्कं झालं. कॅलेंडरवर त्या रात्रींवर खूण केली की पुढचा प्रश्न येतो, जायचं कुठं? ‘शहरापासून लांब’ हे उत्तर सगळेच देतात. ते खरं आहे, पण अर्धं. किती लांब यापेक्षा कोणत्या बाजूला जाता, याला आकाशदर्शनात जास्त महत्त्व आहे. आपल्याकडचे बहुतेक जण याचा विचारच करत नाहीत आणि रात्रभर जागूनही निम्मं आकाश गमावतात.

उदाहरणासाठी कोल्हापूर घेऊ. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. महानगर नाही, पण आकाशगंगा पुसून टाकायला एवढं शहर पुरेसं आहे. ईशान्येला शिरोली, दक्षिणेला गोकुळ शिरगाव आणि पुढं कागल अशा औद्योगिक वसाहती पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेनं पसरल्या आहेत. पूर्वेला इचलकरंजी, त्यापलीकडं सांगली-मिरज. म्हणजे उजेडाचा सगळा भार पूर्वेला आणि महामार्गाच्या पट्ट्यावर. पश्चिमेला मात्र सह्याद्री, जंगल, धरणं आणि विरळ वाड्या. नकाशावर हे एकदा नीट पाहिलं की अर्धा निर्णय होतो.

आता थोडं गणित. मर्ल वॉकर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात वेगवेगळ्या शहरांच्या उजेडाची मोजमापं घेऊन एक ढोबळ नियम मांडला. शहरामुळं आकाशाला येणारा उजळपणा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की उजळपणा निम्मा होत नाही, साडेपाच पटींहून थोडा जास्तच कमी होतो. दिव्यांचे प्रकार तेव्हापासून बदलले असले तरी जागेची निवड करायला हा नियम आजही उपयोगी पडतो. शहराच्या वेशीबाहेर पाच किलोमीटरवर थांबणारा आणि चाळीस किलोमीटरवर जाणारा यांना दिसणारं आकाश इतकं वेगळं का असतं, ते यावरून कळतं.

कोल्हापुरात तारे पाहायचे म्हटलं की पहिलं नाव निघतं पन्हाळ्याचं. ते स्वाभाविक आहे. रस्ता उत्तम, उंची चांगली, राहण्याजेवण्याची सोय, शिवाय शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्रही तिथंच आहे. पण पन्हाळा शहराच्या वायव्येला येतो, सरळ रेषेत जेमतेम अठरा-एक किलोमीटरवर. एप्रिल-मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास सज्जाकोठीच्या बाजूला उभं राहून आग्नेयेकडं पाहा. खाली कोल्हापूर पसरलेलं असतं आणि त्याच्या वर क्षितिजापासून बरंच उंच चढलेलं पांढुरकं तेज. नेमका त्याच भागातून वृश्चिक वर येत असतो. ज्येष्ठा तांबूस आणि ठळक आहे, ती दिसते. पण विंचवाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, थेट शहराच्या डोक्यावर उगवतं. त्याच्यामागून येणारा आकाशगंगेचा सर्वांत दाट, सर्वांत देखणा भाग त्या तेजात विरघळून जातो. ज्यासाठी एवढ्या वर आलो, तेच दिसत नाही.

म्हणून पन्हाळा सोडून द्यावा असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी तीन दरवाजाच्या अंगाला, पश्चिमेकडं तोंड करून बसलात तर शहर पाठीमागं राहतं. मृग, रोहिणी, कृत्तिका पश्चिमेकडं कलताना छान दिसतात. गडावरच्या वस्तीचे दिवे आड आले नाहीत आणि हवा स्वच्छ असली, तर सूर्य मावळल्यावर साधारण सव्वा-दीड तासानं पश्चिम क्षितिजावर तिरका उभा राहणारा फिकट शंकू शोधा. तो राशिचक्री प्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परतणारं हे सूर्याचंच तेज. ज्या जागेवरून ते दिसतं, ती जागा चांगली आहे असं खुशाल समजा.

महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षकासाठी दक्षिण दिशा सोन्यासारखी आहे. युरोपातल्या निरीक्षकांना आकाशगंगेचा मध्यभाग क्षितिजाला टेकलेला दिसतो, आपल्याला तो जवळजवळ ४५ अंश उंचीवर मिळतो. दक्षिणेतलं अगस्त्य तर आहेच, पण त्याहून खाली त्रिशंकू आणि नरतुरंगही आपल्या वाट्याला येतात. त्यामुळं माझा आग्रह असा की जागा शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला निवडा. म्हणजे दक्षिणेकडं तोंड केलं की शहर आपोआप पाठीमागं जातं. उत्तरेला असतो ध्रुव. तो शहराच्या उजेडातही तग धरतो आणि दिशा दाखवण्यापलीकडं त्याच्याकडून आपल्याला फारसं काही नको असतं.

कोल्हापूरकरांसाठी ही दक्षिण म्हणजे गारगोटी आणि भुदरगडचा मुलूख. भुदरगड किल्ला शहरापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास. पन्हाळ्याशी तुलना केली तर अंतर पावणेतीन पट, आणि वॉकरच्या नियमानं उजेडाचा त्रास बारा-तेरा पटींनी कमी. गडाचा माथा सपाट आणि ऐसपैस आहे, वर भैरवनाथाचं देऊळ आणि मोठा तलाव आहे, गाडी वरपर्यंत जाते. पूर्वेकडं निपाणी-गडहिंग्लजचा आणि आग्नेयेला खूप खाली बेळगावचा उजेड जाणवतो, पण थेट दक्षिण बरीच मोकळी मिळते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकू तिथं सरळ उभा असतो. त्याचा तळाचा तारा क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर. दक्षिणेला एखादी टेकडी किंवा उसाचं उभं शेत असेल तर तो गेलाच. त्यानंतर तासाभरात नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मध्यावर येतो. साध्या डोळ्यांना तो धुरकट ताऱ्यासारखा दिसतो, दुर्बिणीतून गोल, भरदार. लाखो ताऱ्यांचा हा गोळा पाहण्यासाठी युरोपीय हौशी निरीक्षक दक्षिण गोलार्धापर्यंत प्रवास करतात.

गगनबावड्याबद्दल हमखास विचारणा होते. काळोखाच्या बाबतीत ते अव्वल आहे. शहर पूर्वेला राहतं आणि पश्चिमेला घाट उतरून कोकण. अडचण आहे ती हवेची. समुद्रावरून येणारी ओल घाटमाथ्यावर चढते आणि पाहता पाहता धुकं दाटतं. पाऊस सरल्यावरही कितीतरी दिवस हा खेळ चालतो. तिथं जायचं तर घाटाच्या कडेवर मुक्काम न टाकता आठ-दहा किलोमीटर अलीकडं, पूर्वेला थांबा. सांगली-मिरजकरांना उलट फायदा आहे. जत, आटपाडी हा पर्जन्यछायेचा मुलूख कोरडा. जवळ हवं असेल तर मिरजेच्या पूर्वेचा दंडोबा, मात्र तिथं शहर पश्चिमेला येतं, तेव्हा निरीक्षण उत्तररात्री आणि पूर्व-दक्षिणेला ठेवायचं.

हवेचा विषय निघालाच आहे, तर उसाबद्दल सांगायला हवं. गळीत हंगाम आणि आकाशदर्शनाचा हंगाम एकच, दोन्ही दिवाळीच्या आसपास सुरू होतात. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, त्यात पाचट जाळल्याचा धूर आणि कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर अडकतो. पंचगंगेच्या खोऱ्यात हा थर पहाटेपर्यंत हलत नाही, आणि शहराचा उजेड त्याच्यावर पडून आणखी पसरतो. दीड-दोनशे मीटर वर चढलात की बऱ्याचदा या थराच्या वर डोकं निघतं. उंच जागेचा खरा उपयोग हा. ताऱ्यांच्या जवळ जाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

जागा नकाशावर ठरवली तरी ती पारखून घ्यावी लागते. इंटरनेटवरचे प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे जरूर पाहा, पण गेल्या महिन्यात एसटी स्टँडसमोर लागलेला हायमास्ट त्यांत सापडणार नाही. जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी दिली, जगभरचे निरीक्षक ती वापरतात. आपल्या ओळखीच्या आकाशातली परीक्षा हवी असेल तर मी पुष्य सुचवतो. फेब्रुवारी ते एप्रिल, मिथुन आणि सिंह यांच्या मध्ये पाहा. शहरात तिथं काहीच नसतं, रिकामी जागा. बऱ्या जागेवर दोन-तीन मंद तारे लागतात. खरोखर चांगल्या जागेवर त्या ताऱ्यांच्या मधोमध कापसाच्या पुंजक्यासारखा धूसर ठिपका थेट नजरेनं दिसतो. तो ताऱ्यांचा गुच्छ आहे, दुर्बीण लावली की सुटा होतो. घाई मात्र करू नका. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन घड्या करून बांधा.

दुसरी परीक्षा निसर्गच घेतो. मेअखेर राधानगरीच्या जंगलात झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. काजवे उजेडाच्या खुणेनं जोडीदार शोधतात, दिव्यांच्या झगमगाटात त्यांना ते जमत नाही. ज्या गावाच्या शिवारात अजून भरपूर काजवे आहेत, तिथला काळोख शाबूत आहे. फक्त अभयारण्याच्या हद्दीत रात्री घुसू नका आणि त्या रस्त्यांवर गाडी सावकाश चालवा. अंधारात गवा दिसतो तो अगदी समोर आल्यावर.

आधी दिवसा जाऊन या, यावर तडजोड नको. दक्षिण क्षितिज मोकळं आहे का, गाडी कुठं लावायची, कातळावर कुठं भेगा आहेत हे उजेडात पाहायचं. जमीन कोणाची आहे ते विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला, किल्ल्यावर रात्री थांबायला मुभा आहे का याची खात्री करा. सड्यांवर फुरसं असतं, तेव्हा पायात बूट आणि बसायला जाड सतरंजी. एकट्यानं कधीही नाही.

नागपूरकरांना हे सगळं शोधण्याचे कष्ट कमी पडतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नागपूर पेंचच्या दक्षिणेला येतं, म्हणजे माझ्या नियमानं चुकीच्या बाजूला, पण अंतर मोठं असल्यानं तो दोष बराच झाकला जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून फक्त जमिनीकडं उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. रस्त्यावर उजेड राहिला आणि आकाशही वाचलं.

हे कोणत्याही ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे. दिव्याला वरून टोपण, तोंड सरळ खाली आणि पांढऱ्याशुभ्र एलईडीऐवजी पिवळसर छटेचा दिवा. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून पांढरा दिवा आकाशाला अधिक छळतो. तुम्ही ज्या गावाच्या माळावर तारे पाहायला जाल, तिथल्या सरपंचांना आणि शाळेतल्या मुलांना एकदा दुर्बिणीतून शनीची कडी दाखवा आणि मग दिव्यांचा विषय काढा. पुढचा हायमास्ट मंजूर होण्याआधी हे बोलणं व्हायला हवं.