बाळंतपणाच्या कळा : सोसाव्यात की शमवाव्यात?

आपल्या वस्तीतील एखादी लेक किंवा सून बाळंतपणासाठी दवाखान्यात निघाली, की वडीलधाऱ्या बाया तिला मायेने सांगतात, "कळा सोसल्याशिवाय का आई होता येतं?" हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की वेदना असह्य झाल्या तरी ती मुलगी काही विचारीत नाही. याउलट काही मुली कळांच्या नुसत्या धास्तीनेच, गरज नसताना, "सिझर करा" असा हट्ट धरतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माहितीचा अभाव. म्हणून प्रसूतिवेदना कमी करण्याचे कोणते मार्ग आहेत आणि त्यांचे गुणदोष काय आहेत, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

तथागतांनी पहिल्या आर्यसत्यात जन्म हेही दुःखच म्हटले आहे. पण दुःख आहे असे सांगून ते थांबले नाहीत. दुःखाचे कारण शोधा आणि ते दूर करा, असे त्यांनी सांगितले. मज्झिम निकायातील अंगुलिमालाची कथा आपणांस ठाऊक आहे. श्रावस्तीत भिक्षाटन करताना अडलेल्या बाळंतिणीला पाहून त्याचे अंतःकरण कळवळले. तो भगवंतांकडे परतला, तेव्हा भगवंतांनी "हे तिच्या कर्माचे भोग" असे म्हटले नाही; तिच्या मदतीसाठी त्याला परत पाठविले. कळवळा आला की कृती करावी, हाच या कथेचा बोध आहे.

वेदना शमविण्यास धर्माच्या नावाने विरोधही झालेला आहे. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा स्त्रीने वेदना भोगाव्यात ही ईश्वराची इच्छा आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि या विरोधाचा जोर ओसरत गेला. राणीला जे मिळाले ते श्रमिक स्त्रीला का मिळू नये, हा खरा प्रश्न आहे.

आता वेदना का होतात ते पाहू. पहिल्या अवस्थेत गर्भाशय आकुंचन पावते आणि त्याचे तोंड हळूहळू सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. या वेळी ओटीपोटात व कंबरेत कळा येतात. दुसऱ्या अवस्थेत बाळ खाली सरकते, तेव्हा योनीमार्ग ताणला जाऊन वेदना होतात. त्यात भीतीची भर पडली की शरीर आखडते आणि वेदना अधिक जाणवते. संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या तळमळीचा. प्रसूतीत हे दोन्ही बाण लागतात, म्हणून उपायही दोन्हींवर हवेत.

१) औषधाविना उपाय : विश्वासातील बाईमाणूस सतत सोबत असणे, कळांच्या वेळी चालणे-फिरणे, कुशी बदलणे, कंबर चोळणे, गरम पाण्याचा शेक, संथ श्वासोच्छ्वास हे ते उपाय होत. नियमित आनापानसती करणाऱ्या भगिनींना श्वासाचा हा आधार नवा नाही. सतत सोबत असलेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषधे कमी लागतात आणि सिझरचे प्रमाणही थोडे कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. या उपायांना खर्च जवळजवळ नाही आणि अपायही नाही. मर्यादा एवढीच, की वेदना सुसह्य होतात, नाहीशा होत नाहीत.

२) नायट्रस ऑक्साइड वायू : हा वायू व ऑक्सिजन समप्रमाणात मिसळून मुखवट्यातून देतात. मुखवटा बाळंतिणीने स्वतः धरायचा असतो. कळ सुरू होताच श्वास घेतल्यास अर्ध्या-एक मिनिटात आराम पडतो आणि मुखवटा काढताच काही मिनिटांत परिणाम ओसरतो. कधी चक्कर येते, मळमळते. ब्रिटनमध्ये तो सर्रास वापरतात. आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतो.

३) इंजेक्शने : पेथिडिन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे दंडात किंवा कुल्ल्यात टोचतात. ती देणे सोपे असते व परिणाम काही तास टिकतो. परंतु आराम मध्यमच मिळतो, गुंगी येते, उलट्या होतात. पेथिडिनसारखे औषध प्रसूतीच्या थोडे आधी दिले गेल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून बाळाकडे लक्ष ठेवावे लागते.

४) एपिड्यूरल : भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून एक बारीक नळी बसवून तीतून बधिरतेचे सौम्य औषध सोडतात. सुमारे वीस मिनिटांत कळांची वेदना बहुतांशी थांबते आणि स्त्री पूर्ण शुद्धीवर राहते. सर्व उपायांत हा सर्वांत प्रभावी होय. पुढे सिझर करावे लागल्यास बहुधा त्याच नळीतून भूल देता येते. मात्र रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, लघवी अडू शकते, दुसरी अवस्था काहीशी लांबते आणि सुमारे शंभरात एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. रक्त गोठण्याचा दोष असल्यास तो देता येत नाही. भूलतज्ज्ञ व सतत देखरेख यांशिवाय तो देऊच नये. "कंबरेत सुई टोचली की जन्मभर पाठ दुखते" आणि "मग सिझरच होते" हे दोन्ही समज अभ्यासांत टिकलेले नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सलाइनमधून दिले जाणारे ऑक्सिटोसिन हे वेदना कमी करण्याचे औषध नव्हे. ते कळा वाढविण्याचे आहे. बाळ होण्याआधी ते कोणाकडूनही घरी टोचून घेऊ नये. त्यामुळे आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका होऊ शकतो.

मग यांपैकी उत्तम कोणता? संपूर्ण आराम हवा असल्यास एपिड्यूरल. पण तो सर्वत्र मिळत नाही आणि खासगी रुग्णालयात महाग पडतो. वायू व इंजेक्शने मधल्या प्रतीची. सोबत व धीर मात्र प्रत्येकीला आजच देता येतो. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सोबतीची शिफारस केली आणि निरोगी स्त्रीने मागितल्यास एपिड्यूरल किंवा इंजेक्शन द्यावे, असेही सांगितले. भारत सरकारनेही सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एका स्त्री-सोबतिणीस मुभा दिली असून २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतिणीला स्थान आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. योनीमार्गाला छेद देताना व टाके घालताना तो भाग आधी बधिर केला पाहिजे. त्यासाठी लिग्नोकेनचे साधे, स्वस्त इंजेक्शन पुरते. तरीही "आता झालंच, थोडं सोस" असे ऐकलेल्या कितीतरी भगिनी आपल्यांत आहेत. असे सोसणे हा मोठेपणा नव्हे, ती उपेक्षा आहे.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच घरातल्यांनी दवाखान्यात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात : सोबत कोणाला राहता येईल? वेदना कमी करण्याचे कोणते उपाय येथे आहेत? भूलतज्ज्ञ रात्रीही असतात काय? खर्च किती? कळा सुरू झाल्यावर हे विचारण्याचे भान राहत नाही.

१९२८ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. बाळंतपण हे बाईचे एकटीचे दुखणे नसून समाजाची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार होता. तोच विचार आपल्या घरात आणायचा आहे. कोणती बाई कळा सोसू इच्छिते आणि कोणती शमवू इच्छिते, हे तिने ठरवावे. ठरविता यावे इतकी माहिती तिला देणे आणि त्या रात्री तिला एकटी न सोडणे, हे आपले काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!