नळी एक की दोन?

"ओठ जड झाला का?" खालची दाढ काढण्याआधी भुलीचं इंजेक्शन दिलं की दंतवैद्य हे विचारतातच. निम्मा ओठ आणि हनुवटी बधिर झालेली असते, पेशंट मान डोलावतो. तरीही कधीमधी दाढेला हत्यार लागताच तो खुर्चीत ताडकन उठून बसतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: भूल अजून पुरती चढलेली नसते, किंवा दाढेखाली पू झालेला असतो. पण काहींच्या बाबतीत हाडाच्या आतली रचनाच निराळी असते.

खालच्या दातांची नस जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूने हाडात शिरते. दाढांच्या मुळांखालून ती पुढे सरकते आणि तिची एक शाखा उपदाढांच्या खालच्या छिद्रातून बाहेर येऊन ओठाला, हनुवटीला पोचते. हा सगळा प्रवास दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या हाडी नळीतून होतो. पाठ्यपुस्तकात ही नळी एकच दाखवतात. गर्भात मात्र पुढचे दात, दुधाच्या दाढा आणि कायमच्या दाढा यांच्यासाठी तीन नळ्या असतात व त्या पुढे एक होतात, असं चावेझ-लोमेली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं. हे एक होणं अर्धवट राहिलं, की दुहेरी नळी उरते, क्वचित तिहेरीही; आणि जादा नळीतली नस भुलीतून निसटू शकते.

असं किती जणांत आढळतं? इथेच खरी गंमत आहे. १९८५ साली अमेरिकेत लँगलेस आणि सहकाऱ्यांनी ६००० ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचे सपाट एक्स-रे, तपासले, तेव्हा दुहेरी नळी ५७ जणांत दिसली. म्हणजे एक टक्काही नाही. २००९ साली जपानमध्ये नायतो यांच्या गटाने सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन पाहिले आणि आकडा निघाला ६५ टक्के! मग जपानी जबडाच वेगळा म्हणायचा का? तर पुढच्याच वर्षी जपानमधल्याच कुरिबायाशी यांच्या गटाला, तेही सीबीसीटीवर, फक्त १५.६ टक्के आढळले. नायतोंच्या गटाने माणसं मोजली, कुरिबायाशींच्या गटाने जबड्याच्या बाजू. शिवाय किती बारीक फाट्याला 'नळी' म्हणायचं, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. वंशाच्या नावावर खपणारा बराचसा फरक असा यंत्राचा आणि मोजणाऱ्याचा असतो.

खरे फरक नसतातच असं नाही. नस जिथून बाहेर येते, त्या हनुवटीजवळच्या भागातल्या जादा छिद्राची मोजणी सॉयर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडली: गोरे अमेरिकन १.४ टक्के, भारतीय १.५, आफ्रिकन अमेरिकन ५.७ आणि पेरूतले प्राचीन नाझ्का ९ टक्के. भारतीय आणि गोरे अमेरिकन इथे जवळपास बरोबरीत.

आता गुरुग्रामकडे पाहा. १९८३ साली मारुती-सुझुकीची पहिली गाडी इथून बाहेर पडली. पाठोपाठ देशभरचे लोक आले आणि जपानी कुटुंबंही वसली. तिथल्या दंतवैद्याच्या खुर्चीत आज हरियाणवी शेतकरी, उद्या बंगाली इंजिनिअर, परवा जपानी मॅनेजर. कुठल्या समाजाची टक्केवारी धरून तो सुई टोचणार? समोरच्या माणसाचा जबडाच पाहायला हवा.

पण म्हणून प्रत्येक दाढेसाठी सीबीसीटीचा आग्रह धरू नका. त्यात किरणांची मात्रा ओपीजीपेक्षा सहसा जास्त असते, खर्चही जास्त. मात्र ओपीजीत अक्कलदाढेचं मूळ नळीला भिडलेलं दिसलं, किंवा खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवायचा असेल, तर सीबीसीटीबद्दल जरूर विचारा. आणि पूर्वी कधी ओठ बधिर होऊनही दाढ दुखली असेल, तर ते डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी सांगा.