सायकलचे मीटर

मंडळी, मोजून व्यायाम करायची रीत औंधात जुनी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालीत. संस्थानच्या शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले.

सायकलही आपल्याला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे याच किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कारखान्यासाठी जागा दिली. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

नमस्कार मोजता येतात. पण सायकल किती चालवली, हे कसे मोजायचे? त्यासाठी एक लहानसे यंत्र मिळते. त्याला सायकलचे मीटर म्हणू या.

ते चालते कसे? पुढच्या चाकाच्या तारेला एक लहान लोहचुंबक बसवतात. समोर चिमट्यावर एक डबी बसवतात. चाकाचा एक फेरा झाला, की चुंबक डबीसमोरून जातो. डबी तो फेरा मोजते. हँडलवरच्या मीटरवर आकडे दिसतात. किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, वेग किती, हे सारे कळते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मीटरला रस्ता दिसत नाही. ते फक्त फेरे मोजते. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, हे आपणच त्याला सांगायचे असते.

हे माप घेणे सोपे आहे. चाकात हवा नीट भरा. हवेचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणा. तिथे जमिनीवर खडूने खूण करा. सायकल सरळ पुढे ढकला. चाकाचे तीन फेरे पुरे होऊन व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला, की दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. त्याला तीनने भागा. आमचे अंतर ६६६ सेंटिमीटर भरले. म्हणजे एक फेरा २२२ सेंटिमीटरचा. पुष्कळ मीटरांत हे माप मिलिमीटरमध्ये घालतात. तेव्हा आकडा झाला २२२०.

हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते. मीटर बसवले आणि निघालो. रोज दहा किलोमीटर करायचे ठरवले होते. एक दिवस दारात आलो, तर मीटर ९.६ दाखवी! दहा पुरे करायचेच, म्हणून भर उन्हात पुन्हा फिरलो. भोवळ आली. बघा, केवढा हा हट्ट!

मग बसून तपासले. मीटरमध्ये माप होते २१००. आमचे चाक २२२० चे. म्हणजे हजार फेऱ्यांमागे १२० मीटर कमी धरले जात होते. दारात पोचलो तेव्हाच दहा किलोमीटर होऊन गेले होते!

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम पाळतो. माप बरोबर घालावे. आणि आकड्यासाठी देहाला छळू नये. छातीत दुखले, दम लागला, घेरी आली, तर तिथेच उतरावे. डॉक्टरांना दाखवावे. चालवताना नजर रस्त्यावर ठेवावी. आकडा घरी येऊन बघावा.

आकडा बघितला, की तो वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, मिनिटे, एवढेच पुरे. समजा, पहिल्या आठवड्यात १२ किलोमीटरला ६० मिनिटे लागली. दोन महिन्यांनी त्याच रस्त्याला ५० मिनिटे लागली. म्हणजे वेग ताशी १२ वरून १४.४ वर गेला. पण रस्ता तोच हवा. चढ आणि उलटा वारा असला, की वेग कमी होणारच. त्यात खंत नको.

शेजाऱ्याच्या आकड्याशी आपली बरोबरी करू नका. आपली बरोबरी आपल्याच कालच्या पानाशी. लिहिता-वाचता येऊ लागले आहे, तर एक वही आपल्या देहाचीही ठेवा.