मनाची जखम आणि सरकारी टक्केवारी

लढाईंत ज्याचा पाय गुडघ्यापासून गेला, त्याला दोन वर्षांनीं बोलावून 'आतां पाय कसा आहे?' असें कोणी विचारीत नाहीं. गेलेला अवयव परत येत नाहीं हें डॉक्टरला कळतें, कारकुनाला कळतें आणि पेन्शनच्या नियमांनाहि कळतें. मनाची गोष्ट निराळी. ज्याचें मन रणांगणावर जायबंदी झालें त्याचें दुखणें आज कमी तर उद्यां अधिक, असें चालतें; आणि तें कमी झाल्याचें एखाद्या कागदावर नमूद झालें, कीं मिळणारी रक्कमहि कमी करावी असा विचार सरकारी कचेरींत सुरू होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माजी सैनिकांना हा अनुभव नवा नाहीं. असा विचार करण्याची मुभा तेथील कायद्यानें सरकारला दिली आहे; परंतु त्याच कायद्यानें सरकारवर जीं बंधनें घातलीं आहेत तीं पुष्कळांना ठाऊक नसतात, आणि त्यामुळें ते न भांडतांच हरतात.

विकार जुना आहे, नांव तेवढें नवें. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर १८७१ सालीं जेकब द कोस्टा या डॉक्टरानें सैनिकांची धडधडणारी छाती, धाप आणि थकवा यांचें वर्णन केलें. त्या दुखण्यास 'सैनिकाचें हृदय' असें म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरानें 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय वाङ्मयांत आणला. व्हिएतनामचें युद्ध संपल्यावर १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या रोगनामावलीच्या तिसऱ्या आवृत्तींत त्यास 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजेच पी.टी.एस.डी., हें नांव दिलें, आणि त्याच सालीं तें सरकारच्या अपंगत्वाच्या कोष्टकांतहि दाखल झालें. दुःस्वप्नें, जराशा आवाजानें दचकणें, घडलेला प्रसंग डोळ्यांपुढें पुन्हां पुन्हां उभा राहणें, माणसांपासून दूर पळणें, एकाएकीं संताप येणें, हीं त्याचीं ठळक लक्षणें.

तें कोष्टक मोठें विलक्षण आहे. मानसिक विकारांसाठीं त्यांत सहाच पायऱ्या आहेत: शून्य, १०, ३०, ५०, ७० आणि १०० टक्के. चाळीस किंवा साठ टक्के मन कोणाचेंच बिघडत नसावें! मापावयाचें असतें तें दुःख नव्हे. विकारामुळें कमाईच्या शक्तींत सरासरीनें किती तूट येते, तें. अधूनमधून कामाचा उरक कमी होत असेल तर ३० टक्के. कामांतील भरंवसा आणि उरक यांचीच घट झाली असेल तर ५०. नोकरी, कुटुंब, विवेक, विचारशक्ति, मनःस्थिति अशा बहुतेक बाबतींत उणेपणा आला असेल तर ७०. आणि कामाला व समाजांत वावरण्याला माणूस संपूर्ण निकामी झाला असेल तर १००. प्रत्येक पायरीपुढें लक्षणांची यादी दिलेली असते, पण ती उदाहरणादाखल असते. यादींतील प्रत्येक लक्षण अंगीं असलेंच पाहिजे असें नाहीं. अवलंबून कोणी नसलेल्या एकट्या सैनिकास २०२५ सालच्या दरानें दरमहा ३० टक्क्यांस ५३७ डॉलर, ५० टक्क्यांस १,१०२, ७० टक्क्यांस १,७५९ आणि १०० टक्क्यांस ३,८३१ डॉलर मिळत. ७० वरून ३० वर उतरणें म्हणजे महिन्याकांठीं बाराशेंहून अधिक डॉलर हातचे जाणें. अनेक कुटुंबांच्या घरभाड्याची ती रक्कम आहे.

कपातीची सुरुवात बहुधा फेरतपासणीनें होते. युद्धांतील आघातामुळें ज्याला लष्कर सोडावें लागलें त्याला प्रथम निदान ५० टक्के द्यावे आणि सहा महिन्यांच्या आंत पुन्हां तपासावें, असा कोष्टकाचाच नियम आहे. इतरांना कांहीं वर्षांनीं बोलावणें येतें. आणि कांहींजण आपण होऊन वाढीचा अर्ज करतात, तेव्हां जुनें दफ्तर उघडतें व वाढीऐवजीं कपात पदरांत पडते. तपासणारा डॉक्टर पुष्कळदां ठेक्यावर नेमलेल्या कंपनीचा असतो. त्यानें या माणसाला पूर्वीं कधीं पाहिलेलें नसतें. सैनिक दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर हजर होतो, कारण लष्करानें त्याला तेंच शिकविलें आहे; आणि 'कसें काय?' असें विचारतांच 'ठीक आहे' म्हणतो, कारण जगांत सर्वत्र माणसें तेंच म्हणतात. टिपणांत नोंद होते: पोशाख नीटनेटका, वागणूक सहकार्याची, प्रकृतींत सुधारणा.

पुढें घरीं सरकारी लखोटा येतो. त्यांतील पत्र फार लक्षपूर्वक वाचलें पाहिजे. तें पत्र म्हणजे निर्णय नव्हे, कपातीचा प्रस्ताव असतो, आणि प्रस्तावावर अपील चालत नाहीं. त्या पत्रानें दोन हक्क मिळतात. कपात कां करूं नये याचा पुरावा साठ दिवसांत पाठवितां येतो; आणि तीस दिवसांच्या आंत मागणी केल्यास तोंडी सुनावणी मिळते, तीहि प्रस्ताव करण्यांत ज्याचा हात नव्हता अशा अधिकाऱ्यापुढें. साठाचा आंकडा डोक्यांत बसतो आणि तिसाचा निसटतो, हा नेहमींचा अनुभव. वास्तविक तीस दिवसांचा हक्कच अधिक मोलाचा आहे, कारण वेळेवर सुनावणी मागितली म्हणजे अखेरचा निर्णय होईपर्यंत जुन्याच दरानें पैसे मिळत राहतात. निर्णय विरुद्ध गेला तरी त्याच्या नोटिशीपासून आणखी साठ दिवस जावे लागतात, आणि ते ज्या महिन्यांत पुरे होतील त्या महिन्याच्या अखेरीस कपात लागू होते. म्हणजे पहिल्या पत्रापासून निदान चार महिने हातांत असतात. मात्र इतर अपंगत्वांची टक्केवारी मिळून एकूण रक्कम घटत नसेल, तर असली आगाऊ नोटीस देण्याचें बंधन सरकारवर नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. आपण अजून आजारी आहों हें सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे, अशी बहुतेक सैनिकांची समजूत असते. वस्तुस्थिति उलट आहे. वाढ मागतांना पुरावा मागणाऱ्यानें द्यावयाचा असतो. कपात करतांना तो करणाऱ्यानें द्यावयाचा असतो. १९९३ सालच्या 'ब्राउन विरुद्ध ब्राउन' या खटल्यांत माजी सैनिकांच्या न्यायालयानें हा मुद्दा उलगडून सांगितला. वादी सैनिक ब्राउन, आणि प्रतिवादी माजी सैनिक खात्याचे त्या वेळचे मंत्री जेसी ब्राउन. नांवाचा घोटाळा असला तरी तत्त्वाचा नाहीं. केवळ नवा अहवाल जुन्याहून बरा दिसतो एवढ्यानें भागत नाहीं. दुखण्यांत खरोखर फरक पडला आहे काय, तो फरक सुधारणेचाच आहे काय, आणि जगण्याच्या व काम करण्याच्या नेहमींच्या परिस्थितींत त्या माणसाची शक्ति प्रत्यक्ष वाढली आहे काय, हें सरकारनें सबंध इतिहास वाचून दाखवून द्यावयाचें असतें. दोन डॉक्टरांनीं एकच स्थिति निरनिराळ्या शब्दांत लिहिली, तर त्या शब्दांच्या फरकास सुधारणा म्हणतां येत नाहीं.

'नेहमींची परिस्थिति' हे शब्द नीट समजून घेण्यासारखे आहेत. समजा, एक सैनिक कारखान्यांत नोकरीस होता. यंत्रांचा खडखडाट त्याला सोसेना, मुकादमाशीं दोनदां हातघाई झाली, म्हणून त्यानें नोकरी सोडली. आतां तो भावाच्या शेतावरील घरांत राहतो, बाजारांत जात नाहीं, कोणाला भेटत नाहीं, आणि त्याला रात्रीं पांच तास झोप लागते. तपासणीच्या अहवालांत येतें: झोप सुधारली, भांडणें थांबलीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या घडल्या त्या तो नेहमींच्या परिस्थितींतून बाहेर पडल्यामुळें. उद्यां त्याला पुन्हां कारखान्यांत उभें केलें तर काय होईल, हा कायद्याचा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर अहवालांत नसेल तर तो अहवाल कपातीस अपुरा आहे. सैनिकाच्या उत्तरांत हीच गोष्ट प्रथम आणि स्पष्टपणें मांडलेली असली पाहिजे. दुर्दैवानें बरींचशीं उत्तरें देशसेवेच्या वर्णनांत आणि खात्यावरील संतापांत खर्च होतात. संताप समजण्यासारखा आहे, पण तो पुरावा नव्हे.

एकच टक्केवारी पांच वर्षें किंवा अधिक काळ चालू असेल तर नियम आणखी कडक होतात. नवी तपासणी ही ज्या तपासणीवरून मूळ टक्केवारी ठरली तिच्याइतकीच सांगोपांग असावी लागते. मनोविकारांसारखीं जीं दुखणीं कमीजास्त होत असतात, त्यांची टक्केवारी एका तपासणीवरून उतरवितां येत नाहीं. सर्व पुराव्यावरून टिकाऊ सुधारणा स्वच्छ दिसत असेल तरच ती मुभा आहे. शिवाय ती सुधारणा पुढेंहि टिकेल अशी वाजवी खात्री हवी. हीं पांच वर्षें मोजावयाचीं तीं टक्केवारी लागू झाल्याच्या तारखेपासून कपात प्रत्यक्ष लागू होण्याच्या तारखेपर्यंत. म्हणून ज्याचीं चार वर्षें दहा महिने भरलीं आहेत त्यानें पंचांग काढून बसावें. मधल्या नोटिशींच्या मुदतींतच त्याचीं पांच वर्षें भरण्याचा संभव असतो.

दहा आणि वीस वर्षांच्या नियमांत लोक नेहमीं गफलत करतात. दहा वर्षें झालीं म्हणजे दुखण्याचा लष्करी नोकरीशीं मान्य केलेला संबंध, लबाडी उघडकीस आल्यासारख्या प्रसंगाखेरीज, तोडतां येत नाहीं; टक्केवारी मात्र कमी होऊं शकते. वीस वर्षें सतत एखाद्या पायरीवर किंवा तिच्या वर काढलीं म्हणजे लबाडीवांचून त्या पायरीखालीं उतरवितां येत नाहीं. पंचावन्न वर्षांवरील सैनिकाला असाधारण कारणाशिवाय फेरतपासणीस बोलावूं नये, असाहि नियम आहे.

पुराव्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. अर्ध्या तासाच्या परक्या डॉक्टरापेक्षां वर्षानुवर्षें उपचार करणाऱ्या डॉक्टराचें पत्र निःसंशय वजनदार ठरावें. मात्र त्यानें 'रुग्ण अजून आजारी आहे' एवढेंच लिहून उपयोग नाहीं. जुन्या व नव्या तपासण्या पाहून, फरक पडला कीं नाहीं आणि पडला असल्यास तो कां टिकणार नाहीं, हें कारणांसह लिहिलें पाहिजे. घरांतील माणसांचें निवेदनहि कायदा ग्राह्य धरतो, आणि त्याचें महत्त्व कमी लेखलें जातें. रात्रीं किती वेळां किंचाळून उठतो, मुलाच्या शाळेच्या समारंभास शेवटचा केव्हां गेला, दारांच्या कड्या किती वेळां तपासतो, हें पत्नीला माहीत असतें. कोणत्याहि तज्ज्ञाला नसतें. वरिष्ठ किंवा सहकारी यांनीं कामावरील गैरहजेरीबद्दल लिहिलेल्या दोन ओळीहि उपयोगी पडतात. पारडीं सारखींच राहिलीं तर संशयाचा फायदा सैनिकास द्यावा असें कायदा सांगतो.

इतकें करूनहि कपात कायम झाली तर पुढचे मार्ग २०१७ सालच्या कायद्यानें ठरवून दिले आहेत. ते फेब्रुवारी २०१९ पासून अमलांत आहेत. निर्णयाच्या नोटिशीपासून एक वर्षाच्या आंत तीन वाटांपैकीं एक धरावयाची. त्याच दफ्तरावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरविचार मागतां येतो, तेथें नवा पुरावा चालत नाहीं. नवा व संबद्ध पुरावा देऊन पुरवणी दावा करतां येतो. किंवा 'बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स' याकडे अपील करतां येतें. नियमभंग दफ्तरांतच दिसत असेल तर पहिली वाट बरी. डॉक्टराचें पत्र उशिरां हातीं आलें असेल तर दुसरी. बोर्डाच्या निकालावर १२० दिवसांत न्यायालयांत जातां येतें. तेथें लक्षांत ठेवण्याचा मुद्दा असा, कीं नियम धाब्यावर बसवून केलेली कपात न्यायालय मुळापासूनच रद्दबातल समजतें. मग जुनी टक्केवारी कपातीच्या तारखेपासून परत मिळते, थकबाकीसह.

हें न्यायालय १९८८ च्या कायद्यानें स्थापन झालें. तोंपर्यंत खात्याचा शब्द अखेरचा होता. सैनिकाला अशा दाव्यावर न्यायालयाचें दारच उघडें नव्हतें. वकिलाला दहा डॉलरांहून अधिक फी घेण्यास यादवी युद्धाच्या काळापासून मनाई होती, आणि १९८५ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि ती मर्यादा उचलून धरली. सैनिकाला वकिलांनीं लुबाडूं नये हा मूळ हेतु चांगलाच होता. पण शतकानंतर दहा डॉलरांत वकील मिळेनासा झाला, आणि संरक्षणासाठीं बांधलेली भिंत कोंडवाड्यासारखी झाली. आतां मर्यादित फी घेऊन वकील काम करूं शकतात. अमेरिकन लीजन, डिसएबल्ड अमेरिकन व्हेटरन्स यांसारख्या संस्थांचे अधिकृत प्रतिनिधि तर विनामूल्य मदत करतात, आणि पहिल्या पत्राचें उत्तर देण्यास बहुधा त्यांची मदत पुरेशी होते.

या साऱ्या व्यवस्थेंत एक भीति मात्र शिल्लक राहते. उपचार घेतले तर बरें वाटेल, बरें वाटलें तर टक्केवारी जाईल, म्हणून डॉक्टरकडे जाणेंच टाळावें, असा हिशेब कांहीं सैनिक मनाशीं करतात. हिशेब दोन्ही बाजूंनीं चुकीचा आहे. उपचार सोडल्यानें प्रकृति बिघडते ती बिघडतेच. शिवाय दफ्तरांत दोन वर्षांची पोकळी राहते, आणि कपात सुचविणारा त्या पोकळीचा अर्थ 'त्रास राहिला नाहीं' असाच लावण्याचा संभव अधिक. उलट नियमित भेटींच्या नोंदींत चांगले महिने आणि वाईट महिने दोन्ही दिसतात, आणि सुधारणा टिकाऊ नाहीं हें दाखविण्यास त्याहून चांगला कागद नाहीं. ज्याची प्रकृति खरोखर व कायमची सुधारली त्याची टक्केवारी उतरली तर त्यांत अन्याय नाहीं. पण त्याच्याहि बाबतींत ७० वरून एकदम ३० कां, मधल्या ५० वर कां नाहीं, हें विचारण्याचा हक्क त्याला आहे. आणि पुढें दुखणें पुन्हां उलटलें तर वाढीचा नवा अर्ज केव्हांहि करतां येतो. त्यास कोणतीहि मुदत नाहीं.